सावद्याची खतावणी

टेक्कन या व्हिडिओ गेमच्या स्पर्धेसाठी बावीस जणांचे फॉर्म आले होते आणि मी ते दुकानाच्या काउंटरवर पसरून बसलो होतो. नाव, गाव, वय, कोणतं पात्र खेळता आणि ऑनलाइन रँक किती, असे पाच रकाने. एकवीस जणांनी शेवटच्या रकान्यात काहीतरी लिहिलं होतं. एका फॉर्मवर तो कोरा होता. गाव सावदा, वय २३, पात्र जिन, आणि खाली पेनानं एक ओळ: ‘मी कीबोर्डवर खेळते, चालेल का?’ तो फॉर्म मी गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. म्हणजे बाविसावा क्रमांक. पुढे जे झालं त्याची सुरुवात माझ्या हाताच्या त्या हालचालीपासून आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

जळगावात गोलाणी मार्केटमध्ये माझं मोबाइल आणि संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. टेक्कन शाळेत असल्यापासून खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ही दोघांची लढत असते. चार बटणं म्हणजे चार अवयव, डावा हात, उजवा हात, डावा पाय, उजवा पाय. प्रत्येक राउंड साठ सेकंदांचा. तीन राउंड जिंकले की गेम आणि दोन गेम जिंकले की सेट. यात नशिबाला जागा फार थोडी, म्हणूनच मला तो आवडतो. हरलो की का हरलो ते सांगता येतं.

स्पर्धा घ्यावी हे डोक्यात आलं ते सप्टेंबर २०२३ मध्ये. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पहिल्यांदाच व्हिडिओ गेमला पदकं होती. स्ट्रीट फायटरमध्ये आपले मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते आणि सुवर्णपदक मिळालं कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. वय ४४. ती बातमी मी दुकानाच्या काचेवर चिकटवली. येणारे-जाणारे वाचायचे, थांबायचे, आणि मग कोणी म्हणायचं की आमच्याकडे पण एक जण लई भारी खेळतो. यावलला एक आहे, पारोळ्याला एक आहे, शहाद्याला एक आहे. असे ‘एक’ गावोगाव होते आणि एकमेकांशी कधीच खेळले नव्हते. त्यांना एका छताखाली आणायचं एवढंच माझ्या मनात होतं.

ओळखीच्या क्लासवाल्यांनी डिसेंबरमधल्या एका रविवारी हॉल दिला. खेळ टेक्कन ७ ठरला, कारण टेक्कन ८ यायला अजून महिना होता आणि आमच्यापैकी बहुतेकांकडे पीएस फोर कन्सोलच होते. प्रवेश फी १५० रुपये, सगळी रक्कम बक्षिसाला. जेवण वर्गणीतून: बामणोदची वांगी, पऱ्हाटीवर भाजलेलं भरीत, कळण्याची भाकरी. डिसेंबरात जळगावात लोकांना बोलवायचं आणि भरीत नाही, असं होऊच शकत नाही.

आता सीडिंग, म्हणजे खेळाडूंचे क्रमांक लावणं. बावीस खेळाडूंसाठी बत्तीसचा ब्रॅकेट, म्हणजे लढतींचा तक्ता, लागतो. पहिल्या दहांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते आणि बाकीच्यांच्या जोड्या अशा लागतात की दोघांच्या क्रमांकांची बेरीज तेहतीस व्हावी. सीडिंगचा हेतू एकच, चांगल्या खेळाडूंनी एकमेकांना सकाळीच बाद करू नये. दोनदा हरेपर्यंत कोणी बाहेर जात नाही. पहिल्या हारीनंतर खेळाडू लूझर्स ब्रॅकेटमध्ये उतरतो आणि तिथून चढत थेट ग्रँड फायनलपर्यंत येऊ शकतो. त्यामुळे बावीस जणांत बेचाळीस किंवा त्रेचाळीस सेट होतात. एका सेटला बारा मिनिटं धरली तर चार स्क्रीनवर दोन तासांच्या थोडं वर, पण शेवटचे सेट एकाच स्क्रीनवर एकामागून एक होतात, म्हणून दिवस जातोच.

क्रमांक लावताना माझ्याकडे माप होतं ते एकच, ऑनलाइन रँक. पहिला क्रमांक जळगावच्याच एका मुलाचा. रोज रात्री ऑनलाइन खेळणारा, रँक आमच्यात सगळ्यात वरची. दुसरा धुळ्याचा, किंग हे पात्र खेळणारा. तिसरा अमळनेरचा. मी स्वतःला सहावा ठेवलं. भुसावळचे एक काका, वय ४३, रेल्वेत लोको पायलट. त्यांनी रँकच्या जागी ‘टेक्कन ३ पासून खेळतो’ असं लिहिलं होतं. त्यांना सतरावा दिला. आणि सावदा तळाला.

कीबोर्डच्या प्रश्नावर आमचा आठवडाभर वाद झाला. पीएस फोरवर टेक्कनला कीबोर्ड चालत नाही, मधे कन्व्हर्टर लागतो. काही जण म्हणाले, पॅडवर खेळायचं असेल तर या, नाहीतर राहू द्या. मला ते पटलं नाही. मोठ्या स्पर्धांत नुसत्या बटणांचे कंट्रोलर चालतात, त्यात काडी म्हणजे जॉयस्टिक नसते, चारही दिशा बोटांनी दाबायच्या असतात. कीबोर्ड त्याहून वेगळा काय? शेवटी दुकानातला एक पीसी चौथा सेटअप म्हणून लावायचं ठरलं.

आदल्या रात्री टीव्ही तपासत बसलो. खेळ सेकंदाला साठ फ्रेमनी, साठ चित्रांनी चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची. सगळ्यात झटपट ठोसा दहा फ्रेममध्ये लागतो. टीव्हीनं चित्र दाखवायला शंभर मिलिसेकंद उशीर केला तर सहा फ्रेम तिथेच गेल्या. चार लोकांनी घरचे टीव्ही दिले होते, त्यातले दोन गेम मोड लावूनही जड वाटले. ते परत पाठवले आणि दुकानातले मॉनिटर नेले. नियम मोठ्या अक्षरात भिंतीवर लावले: सेट संपला की आपला पॅड कन्सोलवरून काढायचा, कारण जोडलेला राहिला आणि खिशात बटण दाबलं गेलं तर दुसऱ्याचा गेम थांबतो. गेम थांबवला तर राउंड गेला. वीज गेली तर तो गेम पहिल्यापासून.

सकाळी नऊला पहिले आले ते शहाद्याचे दोघे, पहाटेच्या गाडीनं. मग धुळ्याची मंडळी, सहा जण एका गाडीत, अहिराणीत मोठमोठ्यानं बोलत. साडेनऊच्या सुमारास सावद्याची मुलगी वडिलांबरोबर आली. वडिलांच्या हातात केळीच्या दोन फण्या, तिच्या पाठीवरच्या पिशवीतून कीबोर्डची वायर बाहेर आलेली. वडिलांनी फण्या टेबलावर ठेवल्या आणि मला विचारलं, “सहाच्या गाडीले जानं आहे आमाले, तोवर होईल ना?” मी त्यांना म्हणालो, त्याच्या कितीतरी आधी होईल. मला वाटत होतं बारापर्यंत ती दोघं मोकळी होतील.

तिचा कीबोर्ड साधा, तीन-चारशे रुपयांचा. अशा कीबोर्डवर काही ठरावीक तीन बटणं एकदम दाबली तर एक लागतच नाही. तिला ते माहीत होतं. तिनं खेळाच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन हातांची एकत्र चाल एकाच बटणावर बसवली आणि मला विचारलं, “भाऊ, हे नियमात बसतं ना?” खेळानंच दिलेली सोय आहे, बसतं. एवढंच आमचं बोलणं झालं.

पहिल्या फेरीत तिच्यासमोर अकरावा क्रमांक, शहाद्याचा. दोन-शून्यानं हरला. मी दुसऱ्या स्क्रीनवर निकाल लिहीत होतो, पाहिलं नाही. तो मुलगा लूझर्समध्येही लगेच हरला आणि साडेअकराला त्याची स्पर्धा संपली. पहाटे चारला उठून आलेला खेळाडू दोन सेटमध्ये बाहेर. त्यात त्याचा दोष नव्हता. कच्ची म्हणून मी तिला त्याच्यासमोर टाकली होती. नंतर मी त्याच्याकडे जाऊन हे सरळ सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ द्या भाऊ, पण तिच्यासमोर मला काही मारताच येत नव्हतं. मारलं की लागायचं मलाच.” याचा अर्थ मला अर्ध्या तासानं कळला, कारण पुढचा सेट माझा होता.

मी लॉ हे पात्र खेळतो. लॉची एक कोलांटी-लाथ आहे. समोरचा अंगावर आला की ती मारायची, लागली तर तो हवेत उडतो आणि अर्धं आयुष्य, म्हणजे पडद्यावरची ताकदीची पट्टी, जातं. मात्र समोरच्यानं ती अडवली, तर लॉ खाली येऊन सावरेपर्यंत उघडा पडतो. हे पुस्तकी ज्ञान मला सहा वर्षांपासून आहे. पण आमच्याकडे ती अडवल्यावर लोक गडबडतात, एखादा ठोसा मारतात, फार तर पकडतात. त्यामुळे मी ती बिनधास्त मारत आलो होतो.

पहिल्या राउंडमध्ये मारली, तिनं अडवली, आणि जिननं मला हवेत उचललं. खाली येईपर्यंत माझं साठ टक्के आयुष्य गेलं. ठीक, एकदा झालं. दुसरी एक मालिका आहे माझी, तिचा दुसरा मार खालचा असतो. तिनं तो वाकून अडवला आणि पुन्हा तेच. मग मी सुरक्षित समजून एक साधी लाथ मारली. त्यावर तिनं नुसते दोन झटपट ठोसे मारले. ना कमी, ना जास्त. मी जे काही मारत होतो, त्याची बरोबर तेवढीच किंमत परत येत होती. तिसऱ्या राउंडला माझा हातच उठेना. प्रत्येक चालीआधी मनात यायचं, याचे किती द्यावे लागतील? सेट दोन-शून्य. तिनं सहा राउंड जिंकले, मी एक.

उठल्यावर मी तिला विचारलं, हे शिकलीस कुठे? तिनं पिशवीतून एक लांब, लाल कापडी पुठ्ठ्याची वही काढली. व्यापाऱ्याच्या पेढीवर असते तशी खतावणी. तिच्या वडिलांचं सावद्याला केळीचं काम आहे, गाड्या भरायच्या, पट्ट्या करायच्या. रात्री गाड्या रवाना झाल्या की ऑफिसातला संगणक मोकळा व्हायचा. त्यात तिच्या मामेभावानं कधीतरी जुनं ग्राफिक्स कार्ड टाकून दिलं होतं. चित्र पार धूसर करून ठेवलं की खेळ साठ फ्रेमनी चालायचा, नाहीतर मंदावायचा. इंटरनेट मोबाइलचं, त्यावर ऑनलाइन लढत होत नाही. रँकचा रकाना कोरा का होता ते तिथे कळलं. ती माणसांशी खेळलीच नव्हती, सुट्टीत येणारा मामेभाऊ सोडला तर.

मग तीन वर्षं ती करत काय होती? सराव मोडमध्ये समोरच्या पात्राकडून एक चाल रेकॉर्ड करून घ्यायची, चाल मारून लगेच मागे सरून बचावात राहणारी. ती चाल अडवायची आणि क्षणात आपला दहा फ्रेमचा ठोसा मारायचा. तो लागला तर त्या चालीवर निदान दहाची उधारी. मग बाराची चाल मारून पाहायची, मग तेराची, चौदाची, पंधराची. जिथे लागायचं थांबेल तिथे आकडा पक्का. वहीत प्रत्येक पात्राला तीन-चार पानं, आणि पानावर तीन रकाने: चाल, उधारी, वसुली. अडवल्यावर मारणाराच पुढे राहत असेल तर उधारीच्या जागी ‘जमा’. सगळ्या जगात याला मायनस आणि प्लस म्हणतात. पेढीवर वाढलेल्या मुलीला तो शब्द कशाला लागतो?

मी म्हणालो, हे आकडे मोबाइलवर तयार मिळतात, खेळातही पैसे भरून दाखवता येतात. ती म्हणाली, “जिनचे मी मोबाइलवरूनच घेतले. बाकीचे पण उतरवून घेतले असते, पण मंग ते वहीतच राहतात भाऊ, हातात येत नाही.” पन्नासच्या वर पात्रं आहेत खेळात. तिची एकतीस झाली होती.

तिकडे ब्रॅकेटच्या वरच्या अर्ध्या भागात भुसावळच्या काकांनी पहिल्या क्रमांकाला हरवलं होतं. हॉलमध्ये तेव्हा एकदम शांतता झाली. मला तो निकाल नंतर विचार करून समजला. ऑनलाइन खेळताना मधे थोडा उशीर असतो, त्यामुळे एरवी डोळ्यांना दिसणारी पायावरची लाथही अडवता येत नाही. रोज ऑनलाइन खेळणाऱ्याला मग त्याच लाथेची सवय लागते, कारण ती लागतेच. काकांसमोर बसून मारल्यावर ती दिसत होती. ते शांतपणे वाकायचे, अडवायचे आणि पॉल या आपल्या पात्राची ती एक जबर बुक्की मारायचे. काका भुसावळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये शिकले. टेक्कन ३ चे दिवस, खिशात मोजकी नाणी. हरला तो उठला, मागचा बसला. “पुन्हा नंबर यायला अर्धा तास जायचा,” ते म्हणाले, “म्हणून मी आधी हरायचं नाही हे शिकलो, मारायचं नंतर शिकलो.” माझ्या काचेवरची ती ४४ वर्षांच्या सुवर्णपदकाची बातमी वाचूनच ते आले होते.

जेवताना सगळ्यांचं बोलणं अशाच निकालांवर गेलं. २०१८ मध्ये ॲम्स्टरडॅमला टेक्कनची जागतिक अंतिम स्पर्धा कोरियाच्या रँगचूनं पांडा घेऊन जिंकली, ज्या पात्राला कोणी गंभीरपणे घेत नव्हतं. २०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान ॲश आधी जपानची ईव्हो ही लढतींच्या खेळांची मोठी स्पर्धा जिंकला आणि त्याच वर्षी लास वेगासला कोरियाच्या ‘नी’ या खेळाडूला हरवून तिथलीही. जगाला तो धक्का होता. लाहोरच्या गल्लीत त्याच्याशी रोज खेळणाऱ्यांना तो धक्का असेल असं मला वाटत नाही. नी स्वतः पुढे पाकिस्तानात खेळायला गेला, यातच त्याचा मोठेपणा आहे. भरीत वाढून घेताना धुळ्याच्या एकानं सावद्याच्या मुलीकडे बघत विचारलं, “हाई पोर कोन शे रे भो?” तिसऱ्या क्रमांकाशी तिचा सेट जेवणानंतर होता.

तो सेट मी कधी विसरणार नाही, पण निकालामुळे नव्हे. पहिला गेम तिनं घेतला होता. दुसऱ्यात ती दोन राउंडनी पुढे असताना वीज गेली. हॉल अंधारला. मांडववाल्याचा जनरेटर सुरू व्हायला चार मिनिटं लागली. नियम भिंतीवर होता, गेम पहिल्यापासून. मी तो वाचून दाखवला. तिनं मान हलवली आणि पॉवर आल्यावर बसली. राउंड सुरू झाला आणि अमळनेरच्या मुलानं पॅड मांडीवर ठेवून दिला. हात छातीशी घेतले. ती थांबली, त्याच्याकडे पाहिलं. “ते दोन तुमचेच होते,” तो म्हणाला, “मारा.” दोन राउंड तो तसाच बसून राहिला. मग पॅड उचलला आणि जीव तोडून खेळला. एक राउंड जिंकला, पुढचा हरला. त्याला कोणी हे करायला सांगितलं नव्हतं. नियम मी लिहिला होता, पण न्याय त्यानं केला.

विनर्स सेमीफायनलला तिच्यासमोर धुळ्याचा किंग आला आणि तिथे ती दोन-शून्य हरली. किंग हा जग्वारचा मुखवटा घातलेला पैलवान. त्याच्या पकडी अडवल्या जात नाहीत, सोडवाव्या लागतात. वाकलं तर हुकतात, पण वाकलेल्याला तो मधला मार देतो. पकड दिसली की कोणता हात पुढे आला ते बघायचं: डावा आला तर डाव्या हाताचं बटण, उजवा आला तर उजव्याचं, दोन्ही आले तर दोन्ही. वेळ मिळतो जेमतेम एक तृतीयांश सेकंद. तिच्या वहीत किंगचं एकच पान होतं आणि पकडीच्या रकान्यात नुसतं प्रश्नचिन्ह. पकडीला उधारी नसते. समोर माणूस असतो आणि तो काय करणार ते ओळखावं लागतं. हे संगणकाकडून शिकता येत नाही.

हरून ती उठली आणि थेट माझ्याकडे आली. “भाऊ, तुमाले किंग येतो?” थोडाफार येतो, मी म्हणालो. “मंग बसा ना. पकडी मारा. नुसत्या पकडी.”

लूझर्समध्ये तिचे तीन सेट बाकी होते आणि प्रत्येक सेटच्या मधे पंधरा-वीस मिनिटं. त्या सगळ्या वेळात कोपऱ्यात पीसी रिकामा झाला की मी तिला पकडत होतो. निकाल लिहायचं काम शहाद्याच्या मुलानं स्वतःहून घेतलं. सुरुवातीला दहातल्या दोन सोडवायची. मी मुद्दाम एकच हात लागोपाठ वापरायचो आणि मग बदलायचो. ती ओठातल्या ओठात म्हणायची, डावा, डावा, दोन्ही. तासाभरानं दहातल्या सहा सुटायला लागल्या. मग तिनं मला सांगितलं की आता मधेमधे मारा पण. तिथे पुन्हा गडबड व्हायची. पकडीची वाट बघताना मार लागायचा. आम्हाला तेवढाच वेळ कमी पडला असं मला आजही वाटतं.

पाच वाजून गेले होते. तिचे वडील दोनदा घड्याळ बघून गेले होते, पण काही बोलले नाहीत. लूझर्सचे दोन सेट तिनं भराभर जिंकले, ते सांगण्यासारखे नाहीत. विनर्स फायनलला धुळ्यानं काकांना हरवलं, म्हणून लूझर्स फायनल झाली भुसावळ आणि सावदा. इथून पुढे पाच गेमचे सेट. काका फार कमी मारायचे आणि तिचं सगळं बळ समोरच्यानं मारण्यावर. पहिला गेम तर बराच वेळ दोघं नुसते मागेपुढे सरकत होते आणि दोन राउंड घड्याळावर सुटले. काकांनी ते दोन्ही घेतले. मग तिला कळलं की इथे वसुलीला बसून चालणार नाही, आपण दुकान उघडलं पाहिजे. ती पुढे सरकून मारायला लागली. तोवर मी तिला असं खेळताना पाहिलंच नव्हतं. तीन-दोन. काका उठले, तिच्या वडिलांपाशी गेले आणि म्हणाले, “तुमची गाडी गेली आता. मी पण भुसावळलाच जातोय. तिथून तुमची पुढची सोय मी करून देतो, काळजी करू नका.” आणि स्वतः पहिल्या रांगेत जाऊन बसले.

ग्रँड फायनल. धुळ्याचा एकदाही हरला नव्हता, म्हणून तिला त्याला दोनदा हरवायचं होतं. पहिल्या सेटमध्ये त्यानं मघासारखंच केलं. आला, पकडलं. तिनं सोडवलं. पुन्हा पकडलं, पुन्हा सोडवलं. तिसऱ्यांदा ती वाकली आणि खालून उचललं. मागून मी मोजत होतो. पहिल्या गेममध्ये सातपैकी पाच. त्याला समजेना. मघाची आणि ही एकच मुलगी आहे यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. तीन-एक. ब्रॅकेट रीसेट झाला, म्हणजे आता आणखी एक सेट. सगळे उभे राहिले होते.

दोन सेटमध्ये तीन मिनिटांची विश्रांती. त्यानं पाणी प्यायलं, बाहेर जाऊन आला, आणि परत बसल्यावर पकडी जवळपास सोडून दिल्या. नुसता पकडायला आल्यासारखा पुढे यायचा. तिचे डोळे त्याच्या हातांवर, ती वाकायची, आणि मधला मार यायचा. आम्ही कोपऱ्यात ज्याच्यावर अडलो होतो, नेमकं तेच. दोन गेम गेले. तिसऱ्यात तिनं वाकणं बंद केलं, एखादी पकड खाऊन घ्यायची ठरवली, आणि दोन गेम परत घेतले. दोन-दोन. शेवटच्या गेमचा शेवटचा राउंड, दोघांचं आयुष्य एका ठोशाएवढं. तो पुढे आला. ती उभी राहिली, मारणार म्हणून. त्यानं पकडलं. दोन्ही हातांनी. तिनं एका हाताचं बटण दाबलं होतं.

२००४ ची एक ईव्हो लढत अशा खेळांचे लोक पुन्हापुन्हा बघतात. स्ट्रीट फायटरमध्ये दाइगो उमेहारानं शेवटचा श्वास उरलेला असताना जस्टिन वाँगचा पूर्ण हल्ला परतवला होता. दाइगो ती स्पर्धा जिंकला नाही, पुढची फायनल हरला. हे त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं नाही. ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती, आणि वही उघडून उभ्या-उभ्या लिहीत होती. किंगचं पान. प्रश्नचिन्ह खोडून तिनं तिथे दोन ओळी लिहिल्या. धुळ्याचा बक्षिसाचं पाकीट हातात धरून तिच्या मागे थांबला होता. तिचं लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, माझ्या पानावर काय आहे ते बघू का? तिनं वही त्याच्याकडे दिली. तो जमिनीवर बसला आणि अर्धा तास ती वाचत राहिला. त्याच्या गाडीतले पाच जण खाली हॉर्न वाजवत होते.

पहिला धुळे, दुसरी माझ्या यादीतली बाविसावी, तिसरा सतरावा. ज्याला मी पहिला ठेवलं होतं तो पहिल्या आठातही नव्हता, आणि त्याला माझ्या यादीनं जे ओझं दिलं त्याबद्दल मला वाईट वाटतं. मार्चमधल्या पुढच्या स्पर्धेचा फॉर्म मी बदलला. रँकचा रकाना आहेच, पण त्याच्या वर आणखी तीन प्रश्न आहेत: कोणाबरोबर खेळता, कशावर खेळता, आणि रोज किती वेळ.

२६ जानेवारी २०२४ ला टेक्कन ८ आलं. त्यात हीट नावाची नवी पद्धत आहे, जुन्या चालींचे आकडे बदललेत, आणि तिच्या ऑफिसातल्या संगणकावर ते सुरूही होत नाही. तिनं मला मेसेज केला: ‘एकतीस पात्रं बाद झाली भाऊ.’ मी पीएस फाइव्ह घेतला आहे, हप्त्यांवर. दर दुसऱ्या रविवारी ती वडिलांबरोबर फैजपूर, भुसावळ करत येते, शटर अर्धं खाली असतं, आणि भुसावळचे काका सुट्टी असेल तर डबा घेऊन येतात. नवी खतावणीही तशीच लाल पुठ्ठ्याची आहे. पहिल्या पानावर तिनं किंग घेतला आहे आणि पकडीचा रकाना आता सगळ्यात आधी आहे.